उकळत्या पाण्यातलं यीस्ट आणि भांडी बाजारातला टोस्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन रविवारांपूर्वीच्या आपल्या पुरवणीत ‘दहा मिनिटांत सोपे, गरमागरम भरलेले पाव’ अशी पाककृती आली होती. पान रंगीत, फोटो झकास. त्या पानापायी आमच्या घरात जे रामायण झालं ते आपल्या कानावर घालावं म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावायला माझी हरकत नाही. फक्त पाण्याबद्दलची वाक्यं कापू नका, एवढी विनंती.

मी नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस. नोटा नाही हो, त्या शेजारच्या नोट प्रेसमध्ये. आमच्याकडे टपाल तिकिटं, स्टँप पेपर, पासपोर्ट. १९२५ पासून ही प्रेस इथे आहे, तरी बाहेरगावचा पाहुणा पहिला प्रश्न नोटांचाच विचारतो. चौतीस वर्षं शाई, कागद आणि यंत्राचा दाब यांत गेली. स्वयंपाक म्हणाल तर सेकंड शिफ्टहून रात्री उशिरा घरी आल्यावर, भांड्याचा आवाज न करता आणि कुणाला न उठवता जेवढा करता येतो तेवढाच मला येतो. पण तेवढा पक्का येतो.

रविवारी इंदिरानगरहून दोन्ही नातवंडं यायची होती. सौ.ने शनिवारीच पुरवणी चष्म्यासमोर धरून यादी केली : मोझरेला, ऑलिव्ह, हालापिनो, ओरेगॅनो, यीस्ट. आमच्या जेल रोडच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला मी ऑलिव्ह विचारलं तर तो म्हणाला, “काका, बाळाला मालिशला हवंय का?” शेवटी कॉलेज रोडला जावं लागलं. जाऊन-येऊन दीड तास, रिक्षाचे पैसे वेगळे. ‘दहा मिनिटं’ तिथेच संपली, पण ते सोडा.

पाककृतीची पहिलीच ओळ : ‘एक वाटी उकळत्या पाण्यात दोन चमचे यीस्ट विरघळवून घ्या.’ मी ओट्यापाशी उभा होतो. मला ते खटकलं, पण सौ. म्हणाली, “छापलंय ना?” छापलेल्या शब्दावर आमच्या घरात फार विश्वास. मीच तो चौतीस वर्षं घरी आणलाय. तेव्हा गप्प बसलो. तिने यीस्ट उकळत्या पाण्यात घातलं, मैदा भिजवला, वर ओलं फडकं घातलं. दोन तासांनी फडकं काढलं तर गोळा जसा ठेवला तसाच, रुसलेल्या जावयासारखा, जागचा हललेला नाही. तरी तिने भरले, आमच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये भाजले. त्याच ओव्हनमध्ये आमच्याकडे पंचवीस दिवाळ्या नानकटाई होते, त्यामुळे ओव्हनला दोष देता येत नाही. नातवाने एक पाव उचलला, टेबलावर दोनदा वाजवला आणि शांतपणे परत ठेवला. नातीने आतलं चीज तेवढं कोरून खाल्लं.

संपादक महोदय, यीस्ट हा जिवंत जीव आहे. पाणी कोमट हवं, पस्तीस ते चाळीस अंश. पंचावन्न-साठच्या पुढे ते मरतं, आणि उकळतं पाणी शंभर अंशांचं. थर्मामीटर नको, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी आपण कोपर बुडवून बघतो, तेवढंच गरम हवं. आणखी एक. बाजारात दोन तऱ्हेचं सुकं यीस्ट मिळतं. जाड दाण्यांचं असेल ते कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवायचं; फेस आला तर जिवंत, नाही आला तर सरळ फेकायचं. बारीक दाण्यांचं ‘इन्स्टंट’ असेल तर ते थेट पिठात मिसळलं तरी चालतं. आपल्या पाककृतीत कुठलं वापरायचं याचा उल्लेखही नव्हता.

आता माझं खरं म्हणणं. आमचं यीस्ट मेलं, ती एक चूक झाली. चूक कुणाचीही होते. प्रेसमध्ये उलट्या छापलेल्या तिकिटाच्या गोष्टी आम्हीही ऐकल्या आहेत. पण मथळ्यातल्या ‘सोपे’ या शब्दाशी माझं भांडण आहे. ज्याला कॉलेज रोडची रिक्षा लागते ते सोपं नव्हे. जे रात्रीच्या उरलेल्या भाजीवर, कालच्या ब्रेडवर आणि घरातल्या एका शेगडीवर होतं, ते सोपं. आणि ते नाशकात घरोघरी होत असताना पुरवणीत कधी दिसत नाही.

आमच्या घरी एक गॅसवर धरायचा सँडविच टोस्टर आहे. दोन चौकोनी पत्रे, मागे बिजागरी, पुढे दोन लांब दांडे, दांड्यांच्या टोकाला अडकवायची तारेची कडी. २००८ च्या सप्टेंबरात गोदेला मोठा पूर आला, भांडी बाजारात पाणी शिरलं. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एका दुकानदाराने गाळातून काढलेली, धुऊन पुसलेली भांडी फुटपाथवर मांडली होती. तिथून मी हा टोस्टर साठ रुपयांना उचलला. बिजागरीच्या खाचेत अजून थोडी गोदेची, म्हणजे आमच्या गंगेची, माती आहे, असं सौ. पाहुण्यांना सांगते. मी ती टाचणीने कधीच काढली आहे, पण तिच्या गोष्टीत आडवा येत नाही.

या टोस्टरमध्ये बटाट्याचं सँडविच कसं करायचं ते सांगतो, कारण यात सगळी गंमत पाण्याची आहे. वाफ हवी, पाणी नको. बहुतेकांचं सँडविच बिघडतं ते आत पाणी राहिल्याने.

ब्रेड कालचा घ्या. आजचा ताजा ब्रेड दाबला की लगदा होतो. पण कालचा म्हणजे बाहेर डब्यात ठेवलेला. फ्रिजमध्ये ठेवलेला नव्हे. फ्रिजच्या गारव्यात ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा आणि भुसभुशीत होतो, हे पुष्कळांना उलटं वाटतं. बुरशी येत नाही म्हणून तो ताजा राहिला असं आपण समजतो. फार दिवस ठेवायचा असेल तर वर बर्फाच्या कप्प्यात टाका.

बटाटे सालासकट उकडा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम बटाटा कुस्करला की चिकट होतो, शिवाय त्याची वाफ ब्रेडमध्ये शिरते. मी सकाळच्या वरणाच्या कुकरमध्येच दोन बटाटे टाकून ठेवतो. फोडणीत मोहरी, हिंग, हळद, बारीक चिरलेली मिरची, आलं-लसूण. मग बटाटा, मीठ आणि वरून लिंबू. टोमॅटो या भाजीत नको. कांदा घालायचा तर उन्हाळ कांदा घ्या. आपण नाशिककर, आपल्याला कांदा कुणी शिकवू नये, पण तरी सांगतो : पावसाळ्यानंतर येणाऱ्या लाल कांद्यात पाणी फार. उन्हाळ कांदा कांद्याच्या चाळीत महिनोन्‌महिने टिकतो तो त्याच कोरडेपणामुळे, आणि सँडविचलाही तोच कोरडेपणा कामाचा.

चटणी कोथिंबीर, मिरची, लसूण, लिंबू आणि मूठभर डाळ्यांची. डाळं पाणी धरून ठेवतं, चटणी ओघळत नाही. ती लावण्याआधी ब्रेडच्या आतल्या बाजूला अगदी कडेपर्यंत लोणी लावायचं. लोक कडा सोडतात आणि नेमकं तिथूनच पाणी मुरतं. मुंबईच्या गाडीवरचा सँडविचवाला ब्रेडच्या कोपऱ्याकोपऱ्यात सुरी फिरवतो तो उदार असतो म्हणून नव्हे. लोण्याचा थर चटणीचं पाणी ब्रेडमध्ये जाऊ देत नाही. त्याच्या काकड्या, बीट, टोमॅटो, सगळं तोलून धरणारा तोच एक थर.

बाहेरच्या बाजूला मात्र मी तूप लावतो. लोण्यातला दुधाचा अंश लवकर करपतो आणि काळे ठिपके येतात. तूप निवांत तापतं, रंग एकसारखा येतो. या मुद्द्यावर घरात मतभेद आहेत. सौ.च्या मते तुपाचं सँडविच ‘देवाचं’ लागतं.

टोस्टरमध्ये मधोमध तिरपा उंचवटा असतो, तिथे सँडविच दबून दोन त्रिकोण होतात. त्या रेषेवर भाजी ठेवायची नाही. दोन्ही बाजूंना ढीग करायचा आणि मध्ये वाट सोडायची. मग कडी अडकवा. बाहेर आलेल्या ब्रेडच्या कडा सुरीने कापून टाका, नाहीतर त्या आधी पेटतात. त्या कडा फेकू नका. दुपारी तव्यावर लसूण-तिखट आणि थोड्या तेलात परतल्या की चहाबरोबर चिवड्यासारख्या लागतात. गॅस बारीक. मोठ्या गॅसवर बाहेरून कोळसा आणि आत गार बटाटा. पहिली बाजू तीन मिनिटं, उलटून दोन, आणि मग दर अर्ध्या मिनिटाने उलटत राहायचं.

झालं हे कळायचं कसं? कडी सोडून सारखं बघायचं नाही. कान द्यायचा. आत पाणी आहे तोवर टोस्टर सूं सूं करतो. तो आवाज बारीक होत होत थांबतो, आणि खमंग वास येतो. तो थांबल्यावर आणखी पंधरा-वीस सेकंद, की उतरवा. माझ्या सेकंड शिफ्टच्या काळात सगळं घर झोपलेलं असायचं, रेडिओ लावायची सोय नव्हती, त्यामुळे हा आवाज माझ्या चांगला ओळखीचा झाला. उतरवल्यावर ताटलीत ठेवू नका, खालून घाम सुटतो. जाळीवर किंवा दोन काट्यांवर मिनिटभर टेकवा.

टोस्टर नसेल तर तवा आहेच. सँडविच तव्यावर ठेवून वर सपाट बुडाचं पातेलं आणि त्यात तांब्याभर पाणी. तेवढा दाब पुरतो. वरवंटा ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने भाजी बाजूने बाहेर येते. दाब किती हे ज्याला कळलं त्याला छपाईही कळली, असं आमचे फोरमन म्हणत. ते सँडविचबद्दल बोलत नव्हते, पण लागू पडतं.

आता मिसळीचं. नाशकात मटकी आणि रस्सा वेगवेगळा वाढायची पद्धत आहे, हे आमच्या पथ्यावर पडतं. रविवारी मिसळ झाली की वाटीभर सुकी मटकी मी बाजूला काढतो. सोमवारी ती कढईत पाणी आटेपर्यंत परतायची, दाण्याचं कूट घालायचं, आणि ब्रेडमध्ये भरताना वरून बारीक शेव. शेव उरलंसुरलं पाणी पिऊन घेते. हे सँडविच टोस्टरमधून काढून दह्याबरोबर खाऊन बघा. त्यात चीज घालायचा आग्रह नातवंडं करतात, मी घालू देतो. पण एक सांगून ठेवतो, पनीर घालून ते वितळायची वाट बघू नका. पनीर लिंबाने फाडलेल्या दुधाचं, ते तापवलं की कडक होतं, वितळत नाही. आपल्या पुरवणीत ‘मोझरेला नसल्यास पनीर किसून घाला, छान तार येते’ असंही वाक्य होतं. तार मीही शोधली. आली नाही.

बरं, यीस्टचे भरलेले पाव घरी करूच नयेत असं मी म्हणत नाही. सौ. हट्टाची. तिने बुधवारी पुन्हा केले, कोमट पाण्यात, आणि या वेळी ओव्हनलाही सुट्टी देऊन कढईत. पाव किलो मैद्याला एक चमचा इन्स्टंट यीस्ट, एक चमचा साखर, एक सपाट चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल, आणि दीडशे ते एकशे साठ मिली कोमट पाणी-दूध. चमचा म्हणजे चहाचा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल, हाताला किंचित चिकटणारं. दहा मिनिटं मळायचं आणि दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवायचं. किती वेळ, ते घड्याळाला विचारू नका. एप्रिलमध्ये पाऊण तासात फुगतं. निफाडचा पारा चार-पाचावर घसरतो त्या दिवसांत नाशकातही अडीच-तीन तास लागतात. तेव्हा आम्ही पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या डब्यात, झाकण लावून, वर जुनी गोधडी टाकून ठेवतो. गोधडी सासूबाईंची आहे. तिच्याखाली आमची दोन मुलं मोठी झाली, आता मैदा होतो.

सारणाला कोबी, मटार, आलं, मिरपूड. कोबी मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवून घट्ट पिळायचा, मग मोठ्या गॅसवर परतायचा आणि गार करायचा. पुरणाचा उंडा भरतो तसा पिठाच्या वाटीत भरून तोंड बंद करायचं आणि बंद केलेली बाजू खाली ठेवायची. अर्धा तास पुन्हा फुगू द्यायचं. जाड कढईत तळाला मीठ पसरून त्यावर जाळी, वर घट्ट झाकण, दहा मिनिटं तापवायची. मग पावाची थाळी आत ठेवून मध्यम गॅसवर वीस-पंचवीस मिनिटं. वरून दूध लावलं असलं तरी कढईत रंग जरा फिका येतो. शेवटी तव्यावर थोड्या तुपात डोकी टेकवली की झालं. एकूण अडीच तास. दहा मिनिटं नव्हेत. नातवाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर त्याचं उत्तर आलं, “वाजवून बघितला का?”

चौकटीत आपण लिहिलं होतं की मैदा आतड्यांना चिकटतो. ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे, आपण तरी छापू नये. मैदा म्हणजे कोंडा आणि अंकुर काढलेला गहूच. त्यात चोथा कमी, म्हणून रोज उठून खाऊ नये, इतकंच. त्याच चौकटीत ब्राऊन ब्रेडची शिफारस होती. ब्राऊन रंग कॅरॅमलनेही येतो. पाकिटाच्या मागे घटकांत पहिलं नाव मैद्याचं आहे की गव्हाच्या पिठाचं, ते वाचायला सांगा, लोकांचं भलं होईल. २०१६ साली ब्रेडमध्ये घालायच्या पोटॅशियम ब्रोमेट या रसायनावर बंदी आली तेव्हा वर्तमानपत्रांनी चांगलं काम केलं होतं. तसं काहीतरी चौकटीत यावं.

शेवटचं, आणि हे मी छपाईवाला म्हणून सांगतो. त्याच पानावर आपल्या नाशिकच्या पाववड्याचा फोटो होता. पावात भाजी भरून अख्खा बेसनात बुडवून तळलेला. हल्ली त्याला उलटा वडापाव म्हणायची टूम आहे, म्हणोत बापडे. फोटोत ते गरम पाववडे तेल निथळायला वर्तमानपत्रावर ठेवले होते. मी भिंग लावून बघितलं. आपल्याच पेपराचं मागचं पान आहे, राशिभविष्याचं. वर्तमानपत्राची शाई कागदावर वाळून कडक होत नाही; ती कागदात जिरते, एवढंच. म्हणून सकाळी पेपर वाचला की बोटं काळी होतात. त्यावर गरम तेल पडलं की शाई सुटते आणि पदार्थाला लागते. वर्तमानपत्रात अन्न बांधायला आणि वाढायला कायद्याने मनाई आहे, आणि २०२३ च्या सप्टेंबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने विक्रेत्यांना पुन्हा तसं बजावलं. मला वाटतं ती बातमी आपणही छापली होती.

आम्ही पाववडे चाळणीत निथळतो, खाली ताटली. चाळणी भांडी बाजारातलीच, पण पुराच्या आधीची.

येत्या रविवारी पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती द्यावी : ‘उकळत्या’ऐवजी ‘कोमट’ असे वाचावे, आणि ‘दहा मिनिटांत’ऐवजी ‘अडीच तासांत’. फोटो नाही दिला तरी चालेल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त प्रेस कामगार
जेल रोड, नाशिकरोड

ता. क. : पत्र सौ.ने वाचलं. तिचं म्हणणं, बटाट्याच्या भाजीत ओवा सांगायचा मी विसरलो, आणि टोस्टर साठला नव्हे, पंचेचाळीसला घेतला होता. तेव्हा ती माझ्याबरोबर होती आणि पंधरा रुपये तिनेच कमी करून घेतले.